कूरिंड्याच्या उन्हात कुरडया

ऑस्ट्रेलियाहून आलेली माणसं पुलांचे, समुद्रांचे आणि कांगारूंचे फोटो दाखवतात. आमच्या फोनमध्ये सगळ्यांत जास्त फोटो आहेत ते जाळीच्या दारांचे. चार दारं, विटांवर आडवी ठेवलेली, मागे तांबडी माती आणि एकही ढग नसलेलं आभाळ. सिंगापूरला, आमच्या बुकित बातोक वस्तीतल्या मैत्रिणींना मी ते कौतुकाने दाखवते, तेव्हा तिसऱ्या फोटोला त्या चहा घेणार का म्हणून विचारतात. म्हटलं, हे प्रकरण नीट पहिल्यापासून लिहूनच काढावं.

पहिल्यापासून म्हणजे रुखवतापासून. माझ्या नणंदेची, पुण्याच्या सुनीताताईंची मुलगी सई. तिचं लग्न येत्या फेब्रुवारीत करायचं ठरलं आणि त्याच दिवशी आमच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं, की रुखवतात कुरडया माझ्या हातच्या असतील, एक्कावन्न. सुनीताताई म्हणाल्या, अगं आई, हल्ली रुखवताची ऑर्डर देतात, सगळं सजवून आणून देतात. आईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नातीच्या रुखवतात विकतच्या कुरडया ठेवायच्या तर मी आहे कशाला, असं फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या.

अडचण एकच होती. आई गेली नऊ वर्षं आमच्याबरोबर सिंगापूरला असतात, आणि सिंगापुरात सगळं मिळतं, कोरडं ऊन तेवढं मिळत नाही. हवा कायम दमट, आणि वाळत घातलेलं कापड आत घ्यायच्या बेतात असतानाच पाऊस. तरी आईंनी हार मानली नाही. पहिली खेप आमच्या फ्लॅटच्या खिडकीशी वाळत घातली. तिसऱ्या दिवशी कुरडयांवर हिरवी लव आली. दुसरी खेप बेडोकला, माझ्या मैत्रिणीच्या दहाव्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, कारण आईंच्या मते बेडोक पूर्वेला असल्यामुळे तिकडे ऊन आधी पोचतं. एमआरटीतून, म्हणजे मेट्रोतून, दोन डबे मांडीवर घेऊन आम्ही दोघी बेट ओलांडून गेलो. त्या कुरडयांनाही बुरशी आली, फक्त बुकित बातोकपेक्षा एक दिवस उशिरा. पुण्याला आम्ही जाणार होतो लग्नाच्या जेमतेम आठवडाभर आधी, आणि सुनीताताईंच्या सोसायटीच्या गच्चीवर आता सोलरची पॅनेलं आहेत. आई गप्प गप्प राहायला लागल्या.

डिसेंबरच्या सुट्टीत कॅरव्हॅन घेऊन ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात फिरायचं, हे वेड माझ्या नवऱ्याचं, अजितचं. आम्ही सिंगापूरकर बिनगाडीची माणसं. बस आणि एमआरटीवर संसार चालतो. त्यामुळे घराएवढी गाडी चालवायचं स्वप्न त्याला पडत असणार. आमची तेरा वर्षांची ईरा वायफाय आहे का एवढंच विचारून गप्प बसली. एरवी कुठल्याही सहलीला "तुम्ही जा, मी घर राखते" म्हणणाऱ्या आईंनी मात्र चष्मा लावून नकाशा मागून घेतला आणि तिकडे ऊन कसं असतं ते विचारलं. अजितने घाबरत घाबरत सांगितलं, की चाळीसच्या वर जातं आणि अगदी कोरडं असतं. आई म्हणाल्या, मी येते. नातीचा सहवास मिळावा म्हणून येतायत, असं आम्हाला वाटलं.

ॲडलेड

ॲडलेडच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंची तपासणी फार कडक असते. विमानातच फॉर्म भरावा लागतो. आमच्या आईंचा स्वभाव असा, की खोटं स्वतःला बोलता येत नाही आणि दुसऱ्याने बोललेलं चालत नाही. घरी पाहुण्यांनी भाजीचं कौतुक केलं, तर "मीठ मेधानं घातलंय, जरा जास्त झालंय," असं त्या आपणहून सांगतात. वीस वर्षं मी हे ऐकते आहे. तर आईंनी फॉर्मवर होतं नव्हतं ते सगळं लिहायला लावलं. हिंगाची डबी, ओव्याची पुडी आणि खडीसाखरेचे चार खडेसुद्धा. विमानात ते पुरं झालं नाही, रांगेत आमच्या मागची माणसं बदलून दुसरी आली तरी आमचं चालूच होतं.

मग क्ष-किरणाच्या यंत्रात आईंच्या बॅगेत एक जाड पितळी नळकांडं दिसलं, वर फिरवायची मूठ असलेलं. अधिकारी बाईंनी ते टेबलावर ठेवून हे काय म्हणून विचारलं. मीही तेच विचारत होते, कारण तो आमच्या घरचा सोऱ्या होता, आणि सहलीला कुणी सोऱ्या नेत नाही. आईंनी मूठ फिरवून, खाली बोटांनी शेवया पडताना दाखवून, गोल गोल हात फिरवून प्रात्यक्षिक दिलं. त्या बाई हसल्या आणि सोऱ्या सोडला. ओव्याची पुडी मात्र ठेवून घेतली. सोऱ्याच्या खाली दोन जुन्या सुती साड्या घडी करून ठेवल्या होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आईंकडे पाहिलं. त्या बॅगेची चेन लावण्यात गर्क होत्या.

उत्तरेकडचा रस्ता

कॅरव्हॅन म्हणजे चार चाकांवरची एक खोली. ओटा, सिंक, फ्रिज, बसायची बाकं जी रात्री पलंग होतात, आणि कपाटाएवढं न्हाणीघर. ईराने आत शिरून पाहिलं आणि आपल्या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरपेक्षा, म्हणजे सिंगापुरात घरोघरी युद्धासाठी बांधतात त्या कोठडीपेक्षा, ही खोली मोठी आहे, असं प्रमाणपत्र दिलं.

शहर मागे पडलं आणि रस्ता सरळ झाला. इतका सरळ, की अजितने एकदा स्टिअरिंगवरून हात उचलून आम्हाला दाखवला आणि आईंकडून बोलणी खाल्ली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली गव्हाची रानं, पिवळीधमक, मग हळूहळू माती लाल होत गेली आणि झाडं गुडघ्याएवढी. एका ठिकाणी सात इमू रस्त्याच्या कडेने पळत होते, कमरेवर हात ठेवून पळणाऱ्या बायांसारखे. ईराने पहिल्यांदा फोन खाली ठेवला.

इथली एक रीत मला फार आवडली. समोरून गाडी आली की तिकडचा माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. हा नमस्कार. ओळख लागत नाही. बुकित बातोकच्या लिफ्टमध्ये मी सहा वर्षं एका काकांबरोबर चढते-उतरते आहे, आम्ही दोघं आकडे बदलताना बघतो. अजितला या बोटाचं इतकं वेड लागलं, की दूर धूळ दिसली तरी तो बोट वर करून तयार असायचा. एकदा ती धूळ म्हणजे नुसती वावटळ निघाली.

दुसऱ्या मुक्कामी एका कॅरव्हॅन पार्कात झाडाच्या सावलीत एकच टेबल होतं. अजितने सवयीने त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि आम्ही भांडी आणायला गेलो. आमच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, की ती जागा घेतलेली, मग मंत्री आला तरी बसणार नाही. आम्ही परत आलो तर टेबलावर एक जोडपं निवांत सँडविच खात होतं. कुणीतरी कचरा टाकून गेलं होतं, तो आम्ही उचलून टाकला, असं त्यांनी अजितला आपुलकीने सांगितलं. अजितने त्यांचे आभार मानले.

कूरिंडा

कूरिंडा हे गाव नकाशावर ठिपक्याएवढं आहे आणि प्रत्यक्षातही तेवढंच आहे. एक रुंद रस्ता, एक पब, एक दुकान, एक गॅरेज, धान्याच्या चार उंच पांढऱ्या कोठ्या आणि पुलाखाली पाणी नसलेली नदी. आम्ही तिथे फक्त पेट्रोल भरणार होतो. पण गावाच्या वेशीवर गाडीच्या नाकातून वाफ यायला लागली. गॅरेजवाला शनिवारचा पबमध्ये बसला होता, तरी उठून आला. त्याने टोपी मागे सरकवून इंजिनात डोकं घातलं आणि सांगितलं, की पाण्याचा पंप गेला आहे, नवा ॲडलेडहून येईल, ट्रक गुरुवारी येतो.

अजितच्या लॅपटॉपमध्ये तासातासाचा तक्ता होता. तो तसाच उभा राहिला. बाहेर त्रेचाळीस अंश. ईराने "अलामाक, पाच दिवस?" म्हणून कपाळाला हात लावला. सावलीत उभ्या असलेल्या आई मात्र बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"उद्या गहू भिजत घातले तर बुधवारी चीक शिजेल," त्या म्हणाल्या. "पुरतात दिवस."

गाडी ढकलत गावाच्या कॅरव्हॅन पार्कात लावली. हे पार्क ग्लेंडा आणि तिचा नवरा रॉस, दोघं साठीच्या पुढचे, मिळून चालवतात. ग्लेंडा उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं संथ. तिने आम्हाला सगळ्यांत सावलीची जागा देऊ केली. आईंनी हातानेच नको म्हटलं आणि जिथे दिवसभर एकही सावली पडत नव्हती त्या जागेकडे बोट दाखवलं. ग्लेंडाने माझ्याकडे बघितलं. मी ईराकडे बघितलं. शेवटी ईराने तिच्या परीने समजावलं, की आजीला एक प्रकारच्या गव्हाच्या शेवया वाळवायच्या आहेत, कझिनच्या लग्नासाठी, आणि सिंगापूरमध्ये त्यांना बुरशी येते. ग्लेंडा जराही हसली नाही. तिची आई जर्दाळू वाळवायची, असं ती म्हणाली, आणि किती गहू लागेल ते विचारलं.

गहू तिच्या भावाच्या शेतातून आला, नुकताच कापलेला, बादलीभर. दुकानातला पेरणीचा गहू घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं, हे तिनेच बजावलं. आईंनी चार दाणे तोंडात टाकले, बराच वेळ चावले आणि जिभेवर आलेला चिकटा बोटाने ओढून पाहिला. मान डोलावली. ते मान डोलावणं मी अजून माझ्या पुरणासाठी मिळवलेलं नाही.

रविवारी गहू भिजले. रोज पाणी बदलायचं. उन्हाळा असला की गहू लवकर आंबतो, आणि आंबला की त्याचा जो वास सुटतो तो ज्याने घेतला त्यालाच ठाऊक. आम्ही बादली कॅरव्हॅनच्या खाली सावलीत ठेवली होती. सोमवारी दुपारी रॉस हातमोजे चढवून, पाइप आणि पान्हे घेऊन आला. तुमच्या संडासाची टाकी गळते आहे, घाबरू नका, मी बघतो, म्हणाला. तो जमिनीवर उताणा झोपून अर्धा तास शोधत होता आणि अजित, गव्हाचं त्याच्या लक्षातच न आल्यामुळे, त्याला टॉर्च धरत होता. मी दुकानातून परत आले तर आई बादलीचं झाकण उघडून रॉसच्या नाकाशी धरत होत्या. रॉसने हातमोजे काढले. त्यानंतर तो आमच्याकडे यायचा तो वाऱ्याची दिशा बघून.

त्या रिकाम्या दिवसांत मला ते गाव आवडायला लागलं. सकाळी सहाला, ऊन तापायच्या आधी, ईरा आणि मी कोरड्या नदीत फिरायला जायचो. पांढऱ्या खोडांची प्रचंड झाडं, आणि त्यांच्यावर गुलाबी-करड्या पोपटांचे थवे, गला म्हणतात त्यांना. दुकानात मुलं शाळेच्या सुट्टीत बर्फाच्या कांड्या खात बसलेली. पबमध्ये आईंसाठी चीज-टोमॅटोचं टोस्ट करून देणारी बाई दुसऱ्या दिवसापासून आम्हाला पाहिलं की न विचारता तवा तापवायची. दुपारी अकरा ते चार सगळं गाव दारं लावून बसायचं. उघड्यावर फक्त आमच्या आई, सुती साडी, ईराचे स्पोर्ट्स शूज आणि ग्लेंडाने दिलेली माश्यांची जाळी लावलेली टोपी घालून, मातीवर पाणी शिंपडून ते किती वेळात सुकतं ते बघत. ऊन अंगावर घेऊन त्यांचा चेहरा फुलला होता. नऊ वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं, हे तिथे माझ्या लक्षात आलं आणि जरा लागलंही.

मंगळवारी ग्लेंडाच्या टोमॅटो सॉसच्या जाडजूड मिक्सरमधून गहू वाटले, पिळले, गाळले. चीक रात्रभर निवळायला ठेवला. वाळवायचं कशावर हा प्रश्न होता. जमिनीवर मुंग्या, वर माश्या आणि पोपट. ग्लेंडाने शेडमधून चार जुनी जाळीची दारं आणली, तिकडे प्रत्येक घराला माश्यांसाठी लावतात तशी. विटांवर आडवी मांडली, की खालून-वरून वारं. वरून टाकायला तिने खिडक्यांचे जुने पातळ पडदे दिले. आईंनी दारांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "हे आपल्याकडे कुणाला सुचलं नाही."

बुधवारी पहाटे पार्काच्या सामायिक स्वयंपाकघरात आईंनी हिंग-मिठाच्या उकळत्या पाण्यात चीक सोडला. मी घोटत होते. घट्ट होत होत तो चकाकायला लागला, तशी ईरा वाटी घेऊन उभी राहिली. गरम चीक, वर तेल. तिने एक घास खाल्ला, मग दुसरा.

"आजी, च्वी क्वेसारखंच आहे, बट नायसर लाह," ती म्हणाली. च्वी क्वे म्हणजे आमच्या इथल्या हॉकरकडची तांदळाची वाफवलेली वडी, तिची जीव की प्राण. आईंनी तिला आणखी एक वाटी वाढली आणि तिसऱ्या वाटीला सोऱ्याकडे बोट दाखवून थांबवलं.

सोऱ्या आईंनी कधी कुणाच्या हातात दिलेला नाही. आमच्या घरी चकल्या होतात तेव्हा मी तळायला, कुरडया व्हायच्या तेव्हा मी उचलायला. सिंगापुरातल्या नोव्हेनाच्या डॉक्टरांनी त्यांच्या अंगठ्याचा सांधा झिजलाय, पिळायचं काम बंद, असं सांगून वर्ष झालं होतं. ते त्यांनी मानलेलं नव्हतं. पहिली कुरडई त्यांनी घातली. गोल सुरेख आली. दुसरीला मूठ अर्ध्यात थांबली. त्यांनी श्वास घेऊन पुन्हा जोर लावला, आणि त्यांचा चेहरा बघून मी नजर दुसरीकडे वळवली. चीक गरम असतानाच घालायला लागतो. निवला की संपलं, चार दिवस पाण्यात. पातेल्यातून वाफ येत होती ती कमी होत चालली होती.

आईंनी सोऱ्या माझ्यापुढे धरला. "तू फिरव. मी सांगते तसं."

मी फिरवला. पहिल्या तीन कुरडया म्हणजे मांजराने विस्कटलेली लोकर. आई बाजूला बसून सांगत होत्या, हात आतून बाहेर आण, थांबू नकोस, बघत काय बसलीस, सोड. दहाव्या कुरडईला त्या गप्प झाल्या. पंधराव्याला त्या उठून पडदे पसरायला गेल्या. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता, खांदे भरून आले होते, आणि मी इतकी आनंदात होते की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मी म्हटलं नाही, आई म्हणाल्या असत्या लक्ष कुठाय. सगळ्या मिळून चौसष्ट झाल्या. ईरा छत्री घेऊन पोपटांवर पहारा द्यायला बसली. दुपारी दोनला आईंनी एकेक कुरडई उलटली. वरून कोरडी ठक्क, मध्ये तेवढी ओल. सिंगापुरात जे तीन दिवसांत झालं नाही ते सात तासांत झालं होतं. आईंनी एक कुरडई उन्हाकडे धरून तिच्यातून पाहिलं.

लाल भिंत

चारच्या सुमाराला रॉस धावत आला. मी त्याला धावताना पहिल्यांदा पाहिलं. त्याने पश्चिमेकडे हात केला. तिकडे आभाळ संपून एक तपकिरी-लाल भिंत उभी होती आणि ती सरकत होती. धुळीचं वादळ. पोचायला दहा मिनिटं, फार तर पंधरा. तो म्हणाला, खिडक्या लावा आणि आत बसा. मग त्याचं लक्ष दारांकडे गेलं.

कुरडया उचलून डब्यात भरायला वेळ नव्हता, आणि मधली ओल गेली नव्हती. दारंच उचलायची होती, अलगद, आडवी, कपडे धुवायच्या खोलीपर्यंत. ती खोली पन्नास पावलांवर. ग्लेंडाने हाक मारली. दोन म्हाताऱ्या प्रवासी जोडप्यांनी आपापल्या कॅरव्हॅनच्या खिडक्या उघड्या टाकून धाव घेतली. पहिलं दार रॉस आणि ग्लेंडाने उचललं, पुढची दोन त्या दोन जोडप्यांनी. आई पुढे, पदर खोचून, हाताने वाट दाखवत, मराठीतून "सावकाश, सावकाश" म्हणत, आणि ते सगळे सावकाश चालत होते. मागे ती भिंत आता गावाच्या कोठ्यांएवढी उंच दिसत होती. वारा सुटला.

चौथं दार अजितने आणि मी उचललं. मी मागे होते. मला घाई झाली होती. माझ्या पायात सिंगापुरी सपाता होत्या आणि दाराखालच्या विटा तिथेच पडल्या होत्या. पाय अडकला, मी गुडघ्यावर आले आणि माझ्याकडचा कोपरा जमिनीला टेकला. सगळ्या कुरडया घसरून खाली आल्या. काही दाराच्या चौकटीला आपटून तुटल्या, बाकीच्या लाल मातीत. मग वादळ आलं आणि आम्हाला काही दिसेना. अजितने मला दंडाला धरून आत ओढलं.

वीस मिनिटं आम्ही नऊ-दहा जण कपडे धुवायच्या मशीनांच्या मधोमध दाटीवाटीने उभे होतो. पत्रा वाजत होता, दाराच्या फटीला ग्लेंडाने ओले टॉवेल लावले होते. मशीनवर तीन दारं तिरपीआडवी ठेवलेली, वर पडदे. मी रडत होते आणि आईंकडे बघायची हिंमत नव्हती. म्हटलं, आता ऐकायचं. वीस वर्षांत आईंनी माझी एकही चूक सांगितल्याशिवाय सोडलेली नाही, आणि ही तर सगळ्यांत मोठी. आईंनी पडदे उचलून मोजलं. एकोणीस गेल्या होत्या. उरल्या पंचेचाळीस. गहू संपला होता, दिवसही संपले होते. त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या गुडघ्यावरची माती साडीच्या टोकाने पुसली आणि म्हणाल्या, "खरचटलंय. हळद लाव." बाकी काही बोलल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी पार्क लाल होतं, गाड्या लाल, झाडं लाल, आमचा दाराबाहेर राहिलेला टॉवेलही लाल. आणि ऊन पुन्हा लख्ख. पंचेचाळीस कुरडया सकाळच्या उन्हातच खडखडीत वाळल्या. चौकटीत अडकलेले तुकडे आईंनी स्वच्छ धुऊन, भिजवून, कांदा घालून त्यांची भाजी केली. ती ग्लेंडा, रॉस आणि त्या दोन जोडप्यांनी टोस्टबरोबर खाल्ली. मग आईंनी कढईत तेल तापवलं आणि चांगल्यातल्या चार कुरडया बाजूला काढल्या. मी म्हटलं, आई, राहू द्या, आधीच कमी आहेत. त्या म्हणाल्या, ज्यांच्या दारावर वाळल्या त्यांना फुललेली दाखवायला नको? कुरडई तेलात पडली आणि कढईभर झाली, तेव्हा रॉस दोन पावलं मागे सरला. मग तीन वेळा पुढे आला.

पंप आला, बसला. शुक्रवारी आम्ही निघालो. ग्लेंडाने आईंना धरून गालाला गाल लावला. आई अशा वेळी अवघडतात. त्यांनी पिशवीतली एक सुती साडी काढून तिच्या हातात ठेवली, पुढच्या वर्षीच्या जर्दाळूंसाठी. अजितचा तक्ता पुन्हा कधी उघडला गेला नाही. परतीच्या वाटेवर बोट उचलायचं काम ईराने घेतलं.

पुणे

फेब्रुवारीत कार्यालयात रुखवत मांडलं होतं. ऑर्डर देऊन आणलेलं सगळं होतंच, साखरेचा बंगला, खोबऱ्याची बैलगाडी. मधोमध चांदीच्या ताटात आमच्या एक्केचाळीस कुरडया, पांढऱ्याशुभ्र. एक्कावन्नचं आईंनी कुणाजवळ काढलं नाही. सई दोनदा येऊन ताटाशी उभी राहून गेली. वरपक्षाकडच्या एक जाणत्या काकू आल्या. त्यांनी एक कुरडई उचलून उलटसुलट पाहिली, आणि ह्या कुणी केल्या म्हणून विचारलं. सुनीताताई अभिमानाने म्हणाल्या, माझ्या आईनं.

"चीक माझा," आई म्हणाल्या. "घातल्या माझ्या सुनेनं. ही मेधा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा ताटाकडे. एवढ्या लांबून आणल्या, म्हणजे बऱ्याच तुटल्या असतील नाही, असं त्यांनी विचारलं. मी खाली बघितलं.

"छे," आई म्हणाल्या. "हिच्या हातून एकही तुटली नाही."

वीस वर्षांत आईंना मी पहिल्यांदाच खोटं बोलताना ऐकलं, आणि मला भरल्या कार्यालयात रडू आलं.